गुंतागुंतीच्या आजारांची मुले आणि त्यांची वैद्यकीय माहिती : वर्धा जिल्ह्याचा आढावा

एकाच मुलाला अनेक तज्ज्ञांची, रोजच्या औषधांची आणि वर्षानुवर्षे देखरेखीची गरज असली, की त्याच्या आजाराइतकीच त्याच्याविषयीची माहिती सांभाळणेही अवघड होऊन बसते. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, जन्मजात हृदयदोष, सेरेब्रल पाल्सी आणि तिच्या जोडीने येणाऱ्या आकड्या, लहानपणीच इन्सुलिनवर आणणारा मधुमेह, पुन्हा पुन्हा उलटणारा नेफ्रॉटिक सिंड्रोम ही या वर्गातली नेहमीची दुखणी. यांतले कोणतेही एका भेटीत संपत नाही. त्यामुळे काल दुसऱ्या डॉक्टरने काय पाहिले, काय दिले आणि काय टाळायला सांगितले हे आज तपासणाऱ्याला कळणे, हा उपचाराचाच भाग ठरतो. २०११ च्या जनगणनेनुसार तेरा लाख वस्तीच्या वर्धा जिल्ह्यात, वर्धा शहराला लागूनच, दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ज्ञानाची टंचाई येथे फारशी नाही. टंचाई आहे ती एखाद्या मुलाविषयीची नेमकी चार वाक्ये रात्री अकरा वाजता आष्टीच्या किंवा समुद्रपूरच्या दवाखान्यात हाताशी असण्याची.

आजारी मुलाच्या वाटा बऱ्याचशा नकाशाने ठरतात. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय १९४५ मध्ये बायका-मुलांसाठी सुरू झाले. गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नय्यर यांनी तेथेच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. सावंगी मेघे येथे १९९० मध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय त्याला जोडलेले. शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय, हिंगणघाट आणि आर्वीला उपजिल्हा रुग्णालये, त्याखाली ग्रामीण रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे अशी शासकीय उतरंड आहे. पण माणसे उतरंडीने चालत नाहीत, रस्त्याने चालतात. कारंजा घाडगे नागपूर-अमरावती महामार्गावर आहे, आष्टी-आर्वीकडच्यांना अमरावती सोयीची पडते, हिंगणघाट-समुद्रपूरची कुटुंबे सरळ नागपूर गाठतात. हृदयाची शस्त्रक्रिया, रक्तविकारांची विशेष तपासणी किंवा मेंदूविकारतज्ज्ञ यांसाठी नागपूरचे मेडिकल, मेयो, एम्स किंवा खासगी रुग्णालय अनेकदा गाठावे लागते. अशा मुलाचे कागद दोन-तीन जिल्ह्यांत विखुरतात, आणि ते सगळे एकत्र असण्याची एकच जागा उरते: घरातली कापडी किंवा प्लास्टिकची पिशवी.

या पिशवीत काय असावे हे ठरवण्याआधी विश्वासार्ह माहिती कशाला म्हणायचे ते पाहावे लागते. ती तीन ठिकाणांहून येते. निदान प्रयोगशाळेतून येते, उपचाराची योजना तज्ज्ञाकडून, आणि मुलाची नेहमीची स्थिती कशी असते हे घरच्यांकडून. तिन्हींची खात्री करण्याची रीत वेगळी आहे, आणि तिसरीला सहसा माहिती मानलेच जात नाही. सेरेब्रल पाल्सीचे मूल एरवी नजर देते की नाही, हृदयदोष असलेल्या बाळाचे ओठ रोजच निळसर असतात की आजच झाले, सिकलसेलच्या मुलाचे डोळे बारमाही पिवळट दिसतात की कावीळ नवी आहे, हे पहिल्यांदाच पाहणाऱ्या डॉक्टरला कोणत्याही अहवालातून कळत नाही. ‘आज हा वेगळा वाटतो’ हे आईचे वाक्य केसपेपरवर जसेच्या तसे लिहून ठेवावे इतके ते मोलाचे असते. ते सहसा लिहिले जात नाही, हा या सबंध व्यवस्थेतला सर्वांत स्वस्तात दुरुस्त होणारा दोष आहे.

निदानाच्या खात्रीचा प्रश्न विदर्भात सिकलसेलइतका कोठेच ठळक दिसत नाही. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत झाली. मध्य भारतातील त्याचे अस्तित्व १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी ‘लॅन्सेट’मधून दाखवून दिले. त्यानंतरच्या पाहण्यांत अनुसूचित जातींपैकी काही समाजांत आणि गोंड, परधान, माडिया यांसारख्या आदिवासी जमातींत त्याचे प्रमाण अधिक आढळले. गावपातळीवर वापरली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आणि झटपट होते, पण ती रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. मूल केवळ वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. सहा महिन्यांच्या आतील बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असल्याने सोल्युबिलिटी चाचणी फसवी ठरते. नुकतेच रक्त चढवलेल्या मुलात तर एचपीएलसीचा अहवालही दात्याच्या रक्तामुळे बिघडतो आणि साधारण तीन महिने थांबून तपासणी पुन्हा करावी लागते. म्हणून ‘सिकल पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिलेला कागद अर्धवट असतो. कोणती चाचणी, कोणत्या तारखेला, रक्त चढवण्याआधी की नंतर, या तीन गोष्टी नसतील तर त्या कागदावर पुढचा डॉक्टर भिस्त ठेवू शकत नाही. वाहक मुलाला रुग्ण समजून वर्षानुवर्षे गोळ्या चालू राहणे आणि रुग्णाला ‘फक्त वाहक’ म्हणून घरी पाठवणे, दोन्ही चुका अशाच अर्धवट कागदांतून होतात.

महाराष्ट्राच्या सिकलसेल नियंत्रण कार्यक्रमात रुग्णांना लाल आणि वाहकांना पिवळे कार्ड देण्याची पद्धत रुळली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे घोषित लक्ष्य आहे. कार्डाचा रंग अक्षर न वाचणाऱ्यालाही कळतो, आणि सवलतींच्या दारात तोच उपयोगी पडतो. तपासणीच्या मोहिमेचे काम मात्र निदानापाशी संपते, आणि मुलाचे दुखणे तेथून सुरू होते. लाल कार्ड हातात असलेले मूल तापाने फणफणलेले आणले, तर ड्युटीवरच्या डॉक्टरला हवे असते ते वेगळेच: बरे असताना हिमोग्लोबिन किती असते, पानथरी एरवी किती हाताला लागते, याआधी छातीचा गंभीर त्रास किंवा पक्षाघात झाला होता का, रक्त किती वेळा चढवले आणि तेव्हा काही प्रतिक्रिया आली का, हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध चालू आहे का, न्यूमोकोकसची लस झाली आहे का.

यातला पहिला आकडा सर्वांत उपेक्षित आहे. सिकलसेलच्या अनेक मुलांचे हिमोग्लोबिन बरे असतानाही आठ ग्रॅमच्या आसपास असते आणि शरीराने त्याच्याशी जुळवून घेतलेले असते. हे ठाऊक नसलेला डॉक्टर आठचा आकडा पाहून रक्त चढवण्याची घाई करतो, आणि हिमोग्लोबिन दहाच्या वर नेले तर रक्त दाट होऊन त्रास वाढण्याचा धोका असतो. उलट, ज्या मुलाचे नेहमीचे हिमोग्लोबिन साडेनऊ आहे त्याचे ते आज सहा भरले, तर पानथरीत रक्त अडकल्याची शंका तातडीने घ्यावी लागते. ‘अंगात रक्त कमी आहे’ म्हणून लोहाची औषधे देण्याची सवयही अशीच. लोहाची कमतरता तपासून सिद्ध झाली नसेल तर या मुलांना लोहाचा उपयोग होत नाही. वारंवार रक्त मिळालेल्यांच्या शरीरात ते आधीच साठत असते. फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी आणि लोहाची गोळी यांतला फरक घरच्यांना एकदा नीट सांगितला गेला, तर पुढे अनेक वर्षे तो त्यांच्याकडूनच इतरांना कळतो.

घरच्यांना शिकवून काय साधते याचा पुरावा जमैकातून आला. तेथे ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेलच्या मुलांच्या आयांना पोटावर हात ठेवून पानथरी चाचपायला शिकवले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या शिक्षणानंतर पानथरीत रक्त अडकण्याचे प्रसंग अधिक प्रमाणात आणि लवकर ओळखले गेले, आणि मृत्यू घटले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील चाचणीने दाखवले, की दिवसातून दोनदा तोंडाने पेनिसिलिन दिल्यास लहान मुलांतील न्यूमोकोकसचा गंभीर जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो. पहिली गोष्ट माहितीची, दुसरी औषधाची. पण औषधही मूल पाच वर्षांचे होईपर्यंत रोज दोनदा द्यायचे असल्याने तेसुद्धा अखेरीस घरातल्या समजुतीवरच चालते. ताप १०१ अंशांवर गेला तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, हा नियम ज्या घरात पक्का आहे तेथे अर्धी लढाई आधीच झालेली असते. मेडिकल दुकानातून तापाची बाटली आणून दोन दिवस काढण्याची रीत इतर मुलांत बहुधा निभावते. या मुलांत ती जीवघेणी ठरू शकते.

औषधांची माहिती हा सगळ्यात निसरडा भाग आहे, आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. घरात आणि बऱ्याचदा चिठ्ठीवरही मात्रा ‘अर्धा चमचा’, ‘एक झाकण’ अशी असते. साधे पॅरासिटामॉल घेतले तरी पाच मिलीलीटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींची सिरपे बाजारात आहेत, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलीलीटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात. दुकानदाराने बाटली बदलून दिली की तोच अर्धा चमचा दुप्पट किंवा निम्मा होतो. आकडीच्या औषधांत हीच गफलत महाग पडते. म्हणून मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि मिलीलीटरमध्ये, दोन्ही प्रकारे, बाटलीवरील ताकदीसह लिहायला हवी. हायड्रॉक्सियुरियाची सहज मिळणारी कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची असते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांमध्ये वजनाच्या दर किलोमागे दहा मिलिग्रॅम ही कमी आणि स्थिर मात्रा वापरून चांगले परिणाम मिळवले, ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. या हिशेबाने पंधरा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागतात. मग पाचशेची कॅप्सूल कशी द्यायची, हे तज्ज्ञाने स्वतः लिहून दिले पाहिजे. ते न लिहिता ‘वजनानुसार’ असा शेरा मारणे म्हणजे हिशेब गावच्या दुकानदारावर सोडणे होय.

इन्सुलिनचे तसेच. भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलीलीटरमध्ये ४० युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधले १०० युनिटचे, आणि त्या ताकदीच्या सिरिंजला केशरी टोपण. केशरी सिरिंजने चाळीसचे इन्सुलिन दहाच्या खुणेपर्यंत ओढले तर मुलाला प्रत्यक्षात चारच युनिट मिळतात. लाल सिरिंजने शंभरचे इन्सुलिन दहाच्या खुणेपर्यंत ओढले तर पंचवीस. पहिल्या चुकीने साखर चढते, दुसरीने मूल बेशुद्ध पडते. तेव्हा ‘दहा युनिट’ एवढी नोंद पुरेशी नाही. बाटलीची ताकद आणि टोपणाचा रंग तिच्याशेजारी लागतोच. हिमोफिलियाच्या मुलाच्या कागदावर तर काय द्यायचे यापेक्षा काय द्यायचे नाही ते आधी आणि मोठ्या अक्षरांत हवे: स्नायूत सुई नाही, ॲस्पिरिन नाही. ताप म्हटला की ‘एक सुई मारा’ असा आग्रह धरणाऱ्या भागात या एका ओळीची किंमत फार मोठी आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या व्यावसायिक आचारनियमांत २०१६ च्या दुरुस्तीने औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिण्याचे सांगितले आहे. सहा औषधांवर जगणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा सौजन्याचा प्रश्न राहत नाही, कारण नागपूरला लिहिलेले कंपनीचे नाव आर्वीच्या दुकानात मिळेलच असे नसते आणि बदली औषध मूळ नावावरूनच ठरते.

मुले शोधून काढण्याची शासकीय यंत्रणा आज बऱ्यापैकी उभी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातूनच, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरहून, सुरू झाला. जन्मजात दोष, कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चार गटांसाठी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि औषधनिर्माता असलेले फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. पुढच्या तपासणीसाठी मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे किंवा मोठ्या रुग्णालयाकडे पाठवले जाते. पथकाची नोंद वर जाते, आणि अडचण तेथूनच सुरू होते. मुलाची शस्त्रक्रिया झाली, निदान बदलले, औषध थांबवले, हे खाली प्राथमिक आरोग्य केंद्राला, आशाताईला, अंगणवाडीला कळवणारी चिठ्ठी क्वचितच परत येते. रेफर करण्याच्या कागदाला छापील नमुना आहे, पण परतीच्या कागदाला तितकी शिस्त नाही. गावच्या नोंदवहीत मूल ‘संदर्भित’ या एका शब्दावर वर्षानुवर्षे थांबून राहते.

गावातल्या बाईने भरलेली नोंद विश्वासार्ह असते का, ही शंका जुनीच आहे. तिचे उत्तर विदर्भातल्याच गडचिरोलीतून मिळाले. डॉ. राणी बंग आणि सेवाग्राम-वर्ध्यात वाढलेले डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने थोडे शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांचे वजन, श्वास, ताप आणि दूध ओढणे पाहून नमुन्यात लिहायला आणि त्याप्रमाणे उपचार करायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे देशभर आशांनी रुग्णालयातील प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांत सहा गृहभेटी द्यायच्या हा जो कार्यक्रम आला, त्याचे मूळ येथे आहे. नमुना नेमका असेल आणि काय पाहायचे हे शिकवलेले असेल तर नोंद भरवशाची निघते. बेचाळीस दिवसांनंतर मात्र गंभीर आजाराच्या मुलासाठी असा नेमका नमुना आशाताईच्या हाती जवळजवळ नसतो. वजन आणि लसीकरणाच्या रकान्यांत मेंदूतले पाणी उतरवणारा शंट बसवलेल्या मुलाची उलटी किंवा गुंगी लिहिण्याला जागा कोठून असणार?

रुग्णालयातली नोंद ही वेगळी दुनिया आहे. कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी संगणकीय रुग्णमाहिती प्रणाली बरीच वर्षे चालू आहे. नोंदणी क्रमांक सांगितला की मागचे अहवाल पडद्यावर येतात, आणि हरवलेल्या कागदांचे दुःख त्या आवारापुरते मिटते. आवाराबाहेर त्या पडद्याचा उपयोग नाही. २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने चौदा अंकी आभा क्रमांकाद्वारे संस्था-संस्थांतील नोंदी जोडण्याची सोय केली आहे. पण क्रमांक असणे आणि त्याखाली नागपूरचा इको अहवाल, सावंगीचे डिस्चार्ज कार्ड, खासगी बालरोगतज्ज्ञाची चिठ्ठी प्रत्यक्ष जोडलेली असणे यांत अंतर आहे. ते मिटत नाही तोवर कागदाला पर्याय नाही, आणि कागदावर कुटुंबाचा हक्क आहे हे सांगायला हवे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार भरती रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षांची मुदत मोठ्या माणसाच्या अपेंडिक्सला पुरत असेल; जन्मतः हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला शस्त्रक्रियेचा तपशील विसाव्या वर्षीही लागतो. म्हणून शस्त्रक्रियेची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड यांची प्रत घरी येताना सोबत घेणे, अर्ज करायची वेळ येण्याआधीच, हा व्यवहारी मार्ग आहे. ईसीजीसारख्या उष्णता-कागदावरचे छाप काही वर्षांत पुसट होतात, त्यांची झेरॉक्स काढून ठेवावी लागते.

घरी ठेवायच्या नोंदीची कल्पना नवी नाही. डॉ. डेव्हिड मॉर्ले यांनी नायजेरियातील इमेसी गावात मुलांच्या वाढीचे कार्ड दवाखान्यात न ठेवता प्लास्टिकच्या पाकिटात घालून आयांकडे दिले. कार्डे हरवतील ही भीती खोटी ठरली. जपानमध्ये १९४८ पासून माता-बाल आरोग्य पुस्तिका घराघरांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये माता आणि बालकांसाठी घरी ठेवायच्या नोंदींची अधिकृत शिफारस केली. आपल्याकडे माता व बाल संरक्षण कार्ड आहेच, पण ते निरोगी बाळाच्या पहिल्या काही वर्षांसाठी बेतलेले आहे. गुंतागुंतीच्या आजारांसाठी अधिक जवळचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या आणि तातडीच्या सेवेतील डॉक्टरांच्या संघटनांनी १९९९ मध्ये आणलेला आपत्कालीन माहितीचा छोटा नमुना. निदाने, झालेल्या शस्त्रक्रिया, नेहमीची तपासणी-स्थिती, औषधे, टाळायच्या गोष्टी, अपेक्षित संकट आणि त्यावर पहिला उपचार, एवढेच त्यात असते. पन्नास पानी फाईल कितीही संपूर्ण असली तरी रात्रीच्या ड्युटीवर कोणी ती वाचत नाही. फाईलच्या वर एक पान लागते, आणि ते तज्ज्ञाने तारीख घालून, सही करून दिलेले लागते. तारीख नसलेले पान जुने होते तेव्हा कोणाला कळत नाही. मूल आठ किलोचे असतानाची मात्रा ते अठरा किलोचे झाल्यावरही तशीच पुढे चालते.

भाषेचा तिढा या पानावरच सोडवता येतो. डॉक्टरसाठीचा भाग इंग्रजीत असणे सोयीचे आहे, कारण तो नागपूरला किंवा हैदराबादलाही वाचला जाईल. संकटाच्या खुणा आणि घरी लगेच काय करायचे हा भाग मात्र मराठीत, बोलीत वापरल्या जाणाऱ्या शब्दांत हवा. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकात कोणता फवारा किती वेळा मारायचा, कुशीवर कसे वळवायचे, तोंडात चमचा घालायचा नाही; निळसर झटका आलेल्या बाळाचे गुडघे छातीशी कसे धरायचे; शंट असलेले मूल सकाळी उठून डोके दुखते म्हणत ओकू लागले तर ‘पित्त’ समजून बसायचे नाही. आजी-आजोबांकडे मूल सोडून कापूस वेचायला जाणाऱ्या घरांत हे पान आईला पाठ असून भागत नाही, ते भिंतीवर दिसावे लागते.

पालक नोंद ठेवू शकतात याचे चांगले भारतीय उदाहरण नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये आहे. भारतीय बालवृक्कतज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार घरीच सकाळच्या लघवीतील प्रथिने पट्टीने किंवा सल्फोसॅलिसिलिक आम्लाने तपासून वहीत लिहायची असतात. सलग तीन दिवस तीन किंवा चार प्लस आले तर आजार उलटला, सलग तीन दिवस निरंक किंवा नाममात्र आले तर आटोक्यात आला. स्टेरॉइड कधी वाढवायचे, कधी उतरवायचे हे याच वहीवर ठरते. अंगावर सूज दिसण्याच्या आधीच वही बोलते. ही पद्धत रुळली ती पालकांच्या शिक्षणापेक्षा तिच्या साधेपणामुळे: एक तारीख, एक खूण, एक सही.

कुटुंबाकडून मिळालेली माहिती जशी डॉक्टरपर्यंत जावी लागते, तशी ती शाळेपर्यंत किती जावी हा नाजूक प्रश्न आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता यांचा समावेश झाला. सिकलसेलच्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रात मंडळाच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटे जादा मिळतात, एसटीचा प्रवास मोफत आहे, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदानही मिळू शकते. यातली प्रत्येक गोष्ट प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय मिळत नाही, म्हणजेच प्रत्येक सवलतीची किंमत थोडा खासगीपणा देऊन मोजावी लागते. वर्गशिक्षकांना मूल पाणी प्यायला आणि लघवीला वारंवार उठेल, थंडीत मैदानावर फार वेळ उभे राहू नये, अंग दुखते म्हणाले तर ते खोटे समजू नये, ताप असल्यास घरी लगेच कळवावे, इतके पुरते. संपूर्ण अहवाल, जनुकीय स्थिती, भावंडांची कार्डे शाळेच्या कपाटात असण्याचे काहीच कारण नाही.

सिकलसेलच्या माहितीला विदर्भात जातीची आणि लग्नाची सावली आहे, हे टाळून चालत नाही. पिवळे कार्ड म्हणजे आजार नव्हे. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. सल्ला इतकाच असतो. पण गावात तो ‘त्या घरात दोष आहे’ असा पसरतो आणि झळ बहुधा मुलीला लागते. त्यामुळे तपासणीच्या शिबिरात निकाल सर्वांसमोर वाचणे, लाभार्थ्यांच्या याद्या फळ्यावर लावणे, अहवालाचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटात टाकणे, यांनी होणारे नुकसान कोणत्याही कार्यक्रमाच्या आकडेवारीत दिसत नाही. पुढच्या शिबिराला माणसे येईनाशी होतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठराखालील प्रत्येकाला बालक मानून त्याच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीचे तत्त्व घातले. दूरध्वनीवरून सल्ल्याच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही अल्पवयीन मुलासोबत ओळख पटलेला प्रौढ असणे आवश्यक आहे. आशाताईने पिशवीतल्या कागदाचा फोटो डॉक्टरला पाठवणे उपयोगी आहेच. तो एका डॉक्टरला पाठवावा, गटाला नाही, आणि मुलाचे नाव झाकून पाठवावा, हे शिकवायला पाच मिनिटे लागतात.

पालक पालकांना सांगतात ती माहिती वेगळ्या जातीची असते. नागपुरात संपत रामटेके यांनी उभारलेल्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाने ही देवाणघेवाण संघटित केली. या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. कोणत्या दिवशी कोणती ओपीडी असते, प्रमाणपत्रासाठी कोणते कागद लागतात, दुखण्याच्या रात्री मुलाला कसे निभावून न्यायचे, मूल ‘मलाच का’ म्हणाले तर काय उत्तर द्यायचे, या बाबतीत दुसऱ्या आईइतके खात्रीचे कोणी नसते. मात्रा आणि औषध बदलण्याच्या बाबतीत मात्र एका मुलाचा अनुभव दुसऱ्याला लागू होत नाही. खोट्या आशेचा बाजारही याच वाटेने येतो. सिकलसेल किंवा आकडी कायमची घालवण्याच्या पुड्या आणि काढे तोंडी जाहिरातीवर खपतात. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याने मधुमेह, अपस्मार अशा आजारांवर बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी आहे. शेजारणीने सांगितलेल्या जाहिरातीला कायदा पोचत नाही. खरी आशाही आहे: जुळणाऱ्या भावंडाच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण यशस्वी झाले तर सिकलसेल बरा होतो, आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनावर आधारित उपचाराला मान्यता मिळाली. अशा बातम्या गावापर्यंत ‘आता इंजेक्शन निघाले’ एवढ्याच रूपात पोचतात. त्यांचा अर्थ, खर्च आणि कोणाला उपयोग हे सांगण्याचे काम उपचार करणाऱ्या डॉक्टरने टाळले तर ते पुडीवाला करतो.

शेवटचा टप्पा मूल मोठे होण्याचा. बालरोग विभागाची वयोमर्यादा रुग्णालयागणिक वेगळी, बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी थांबतो, आणि दहा-बारा वर्षे ज्या डॉक्टरने पाहिले त्याच्याकडून मूल अनोळखी ओपीडीच्या रांगेत जाते. या वेळी संपूर्ण फाईलपेक्षा दोन पानांचा हस्तांतर-सारांश अधिक कामाचा: आजाराचा इतिहास, अवयवांची आजची स्थिती, कोणती औषधे का सुरू झाली आणि का थांबली, रक्तगट आणि रक्त चढवताना आढळलेली प्रतिपिंडे, पुढच्या तपासण्यांच्या तारखा. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्या मुला-मुलींना अपत्याचा विचार करण्याआधी डॉक्टरशी बोलायचे असते, हेही त्यात यावे, कारण ही गोष्ट बालरोग ओपीडीत कोणी काढलेली नसते. त्याआधीच, साधारण बारा-तेराव्या वर्षापासून, मुलाला स्वतःच्या आजाराचे नाव, औषधांची नावे आणि मात्रा, टाळायच्या गोष्टी आणि रुग्णालय गाठायच्या खुणा स्वतः सांगता येतील अशी तयारी करून घेण्याची शिफारस आज बहुतेक देशांतील बालरोगतज्ज्ञ करतात. पहिली काही मिनिटे आई बाहेर बसते आणि प्रश्न मुलाला विचारले जातात. पिशवी तेव्हा हळूहळू त्याच्या हातात जाते, आणि आपल्या पिवळ्या किंवा लाल कार्डाविषयी कोणाला, कधी सांगायचे हा निर्णयही त्याचाच होतो.